वरची बसली, खालची जरा मोठी

६ तारीख, सकाळ

नाही, काही लागत नाहीये. 'काही लागलं तर सांग' हे कुणाला म्हणतात माहितीये? शेजाऱ्याला. ज्याच्याकडे आपण जाणार नसतो अशा शेजाऱ्याला. बाप गेल्यावर बहिणीला नाही म्हणत. आणि त्याच्याखाली तुझा दुसरा मेसेज, 'आता काय काय करायचं असतं?' हे तुला खरंच जाणून घ्यायचंय, की गप्प बसायची लाज वाटली म्हणून विचारलंस, ते मला कळलेलं नाही. मी धरून चालते की जाणून घ्यायचंय. तू माहितीवाला माणूस.

फोन करणार नाही. फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी आवाज चढवते, आणि आई आतून येऊन म्हणते, "ठेव गं, त्याला काम असेल." म्हणून कागद. कागदाला 'हं' म्हणून बघ, काही होत नाही.

तर. माणूस गेला की दवाखान्यातून एक कागद मिळतो. लोकांना वाटतं हाच दाखला. हा दाखला नव्हे. तो घेऊन नोंदणीच्या ऑफिसात जायचं, तिथे खरा दाखला मिळतो, आणि तो एकच घेऊन यायचं नाही. भरपूर प्रती एकदमच मागायच्या. यापुढे ज्या दारात जाशील तिथे ते एक प्रत ठेवून घेतात, परत देत नाहीत आणि 'झेरॉक्स चालणार नाही' हे अशा आवाजात सांगतात की जणू झेरॉक्स आपण घरी कोळशाने काढली.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "व्यवसाय?"

"कवळ्या करायचे. दातांच्या."

त्याने पेन खाली ठेवलं, गाल बोटाने मागे ओढला आणि खिडकीच्या गजाला तोंड लावलं. "ही बघा. मागची. दुखते."

"मी त्यांची मुलगी. मला त्यातलं कळत नाही."

"बघा तरी."

बघितली. किडलेली आहे. तसं सांगितलं. त्याने निमूटपणे शिक्का मारला. हे सगळीकडे होतं. दवाखान्याच्या तळघरात, जिथे बाबांना ठेवलं होतं, तिथल्या माणसानेही आ केला होता. बाप काय करायचा हे कळलं की लोक माझ्यासमोर तोंड उघडतात. दुःखाचं बोलायला नाही, दाढ दाखवायला.

बाबा मागच्या खोलीत बाकावरच गेले, हे तुला फोनवर सांगितलंय. मेण लावत होते. आईला वाटलं, एकाग्र झालेत. तिने चहा ठेवला, साय धरली, मग तिने खांद्याला हात लावला. तू येऊ शकला नाहीस कारण तुमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये नवीन मशीन बसवायला माणसं आली होती. बरं. मशीन नीट बसलं असेल.

पुढचं काम म्हणजे ज्यांची कामं अर्धवट होती त्यांना कळवणं. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः गेले. त्यांनी पाठवलेले तोंडांचे ठसे, अर्धे झालेले साचे, सगळं खोक्यात भरून परत दिलं. त्या म्हणाल्या, "आता मी कुणाकडे पाठवू?" मी तुझं नाव घेतलं नाही.

झालेल्या कवळ्या ज्याच्या त्याला पोचवतेय. एकाची राहिलीय. तो रोज फोन करतो. त्याचं मी बघते, तू त्यात पडू नकोस.

— चिमटी (हे नाव तूच ठेवलं होतंस, म्हणून सही तीच)

९ तारीख, बँकेच्या बाकावर

तुझा मेसेज मिळाला. 'ओके. आई कशीये?' आई जेवते, झोपते, आणि पॉलिशच्या मशीनवर कापड टाकून ठेवलंय ते दिवसातून एकदा झटकते. अशीये.

आजचा धडा: गेलेल्या माणसाचा फोन सगळ्यात शेवटी बंद करायचा. हे कुणी सांगत नाही. सगळे आधी फोन बंद करतात, कारण तो वाजत राहतो. पण बँकेचा तो ओटीपीचा नंबर त्याच फोनवर येतो, गॅसचा त्यावर, विजेचा त्यावर. बंद केलास की तू अडकलास. म्हणून बाबांचा फोन माझ्या खिशात आहे. कुणाचा आला की मी 'हॅलो' म्हणते. पलीकडून "बाबा आहेत का?" मी "नाहीत" म्हणते. काही लोक म्हणतात, "मग संध्याकाळी करतो." त्यांना पुन्हा सांगावं लागतं. या कामाला सराव लागतो. आता मी एका वाक्यात उरकते आणि त्यांनाच धीर देते.

बँकेत तुझी सही लागणार आहे. वारस म्हणून. साहेब म्हणाले, "भावाला पाठवून द्या." मी म्हटलं, "तो पाठवण्यातला नाहीये." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आता ते राहिलेलं प्रकरण. लिहायचं नव्हतं, पण तुझ्याशिवाय पुढे सरकत नाहीये.

आपली फळी आठवते ना. प्लास्टरचे जबडे, आणि त्यांच्यावर पेन्सिलने बाबांनी ठेवलेली नावं. उंट. सासूबाई. कुरकुऱ्या. डॉक्टरीणबाई पाठवतात ती नावं बाबांच्या लक्षात राहायची नाहीत, तोंडं राहायची. त्यातला एक भोंगा. घाऊक बाजारात लिलाव पुकारणारे काका, उंच स्टुलावर उभे राहून भाव ओरडतात ते. त्यांची जुनी कवळी खोकताना पडली आणि हातगाडीखाली गेली. बाबांनी नवी केली. बाबा गेले त्या दिवशी ती पूर्ण झाली होती, पॉलिश होऊन डबीत पाण्यात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ते न्यायला येणार होते.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "दात असतील तर लगेच आणा. नंतर जबडा आखडतो, मग बसत नाहीत." हेही लिहून ठेव, उपयोगी आहे. बाबांचे स्वतःचे दात ऐन तरुणपणीच गेले होते, हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं, पण नर्सने तोंड बघितलं होतं. मी कागदांमागे होते. आई म्हणाली, "मी आणते." ती घरी गेली, आली, नर्सबरोबर पडद्यामागे गेली.

सगळे म्हणाले, किती छान दिसतायत. मलाही काहीतरी वेगळं वाटलं. बाबा तोंड दाबून बसलेले असायचे ना, ओठ आत ओढून, तसे नव्हते. कुणाला तरी हाक मारायला निघालेत असे वाटत होते.

आम्ही स्मशानात त्यांना निरोप देऊन घरी आलो. मी हातपाय धुवायला गेले. बाथरूमच्या कोनाड्यात ग्लास. ग्लासात बाबांची कवळी. ती जुनी, टकटक वाजणारी.

मग मी मागच्या खोलीत गेले. भोंग्याची डबी रिकामी होती.

आता ती परत मिळण्यातली नाही.

आईच्या हातून चूक झालीय. घाईत, त्या अवस्थेत, भलतीच डबी उचलली असणार. तिला मी काही बोललेले नाही. कोनाड्यातला ग्लास लपवून ठेवलाय. तू तिला फोनवर काही बोलायचं नाहीस.

साचा आहे. बाबा प्रत्येक तोंडाचे दोन साचे करायचे, एक कामात फुटायला, एक फळीवर. त्यामुळे भोंग्याचं तोंड फळीवर शाबूत आहे. करणारा माणूस नाही. काकांच्या स्टुलावर त्यांचा पुतण्या उभा राहतोय 'तात्पुरता'. नवा हंगाम सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी सुरू होतोय, आणि त्या दिवशी जो स्टुलावर असेल तो वर्षभर. काका मला फोनवर हे सांगताना निम्मं कळलं नाही, दात नसल्यामुळे. निम्मं मी अंदाजाने लिहिलंय. पुतण्याबद्दल जे बोलले ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तू हे काम शिकलायस. बाबांकडेच शिकलायस. बघ.

आणि एक, विषय निघालाच आहे तर. तू घर सोडलंस तेव्हा फळीवरून एकच साचा नेलास, बाबांचा स्वतःचा. ते येईल त्याला सांगायचे, "पोरगं माझं तोंड चोरून पळालं." वर्षाने तुझं पार्सल आलं, त्यात तुझ्या मशीनने केलेली त्यांची कवळी. ती त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. घातली नाही. एकदाही नाही. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगितलं. तुझा नंबर आला, उठते.

माझा नंबर. माझा नंबर आला.

— चि.

१३ तारीख

'साचा पाठव. स्कॅन करून दोन दिवसांत करून देतो. यायची गरज नाही.'

बरोबर आहे. वाचून मलाही पटलं. मी साचा कापसात गुंडाळला, खोक्यात घातला, वर नाजूक म्हणून लिहिलं, आणि चप्पल घालत होते तेवढ्यात काका दारात. तोंडावर रुमाल. त्या रुमालातून काहीतरी म्हणाले, मला काही कळलं नाही.

मागून आई म्हणाली, "रुमाल काढा. तुमचे बत्तीसच्या बत्तीस मी पॉलिश केलेत, माझ्यासमोर कसली लाज?"

त्यांनी काढला. बसले. मी त्यांच्या पाठीमागून आईला खुणा करत होते, डोळ्यांनी, हातांनी, शेवटी अख्ख्या अंगाने. तिने बघितलंच नाही.

"वहिनी, माझे दात कुठेत?" (ते जसं बोलले तसं लिहीत नाही. थट्टा होते.)

"ह्यांच्याबरोबर गेले."

"म्हणजे कुठे?"

"हे गेले तिकडे."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे.

"चुकून गेले होय?" त्यांनीच तिला वाट काढून दिली. चांगला माणूस आहे.

"चुकून कसे जातील? मी घातले."

काकांनी हिरड्या चावल्या. मग अगदी कामाच्या आवाजात, माल बघावा तसं, विचारलं, "बसले का?"

"वरची बसली. खालची जरा मोठी झाली. पण ह्यांनी तक्रार केली नाही."

दादा, ते हसले. तोंडावर हात नाही, रुमाल नाही, सगळं गुलाबी उघडं टाकून हसले, आणि त्यांना बघून आईही. नवरा जाऊन किती दिवस झालेत मोज आणि मग विचार कर. मी खोकं धरून उभी. "म्हणजे मी अर्धा जाऊन बसलोय तिकडे," काका म्हणाले. "पुकारा सुरू केला असेल."

मग हसणं थांबलं आणि ते म्हणाले, "पण वहिनी, माझं स्टूल चाललंय."

"माहितीये."

"त्या कार्ट्याला आवाज आहे, नजर नाही. कोण बोली लावतंय ते दिसत नाही त्याला. पण लोकांच्या कानाला एकदा सवय झाली की मला कोण वर चढवतंय? म्हातारा झालो म्हणतील. चिठ्ठ्या लिहायला बसवलंय मला. मला! मी ओरडलो की पलीकडच्या गल्लीतला माणूस पिशवी घेऊन यायचा."

"होईल तुमची," आई म्हणाली. "थोरला करेल."

थोरला म्हणजे तू. मला न विचारता, तुला न विचारता. ते गेले. मी दार लावलं.

म्हटलं, "आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"डबी कुणाची ते."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी किती वर्षांची आहे हे तिला आठवावं लागतंय. "या घरातून बाहेर गेलेली एक तरी कवळी माझ्या हाताखालून न जाता गेलीय का? अंधारात दे, सांगते कुणाची."

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तुझ्याही. पॉलिश करणारी बाई डबी चुकत नाही. आपण दोघांनी, शिकलेल्यांनी, तिला बिचारी ठरवून टाकलं. म्हणजे मी ठरवलं, तू मान डोलावलीस.

"मग त्यांची का नाही घातलीस? कोनाड्यात तर होती."

"ती? त्यांनी शिकत असताना केलेली. कधी धड बसली नाही. मी वर्षानुवर्षं म्हणतेय, स्वतःला एक नीट करा. म्हणायचे, गिऱ्हाईक आधी." ती मशीनवरचं कापड झटकायला लागली. "शेवटचं केलेलं काम होतं. चांगलं झालं होतं. दिलं घालून."

"दुसऱ्याची कवळी आहे ती, आई."

"त्यांना नवी मिळेल. ह्यांना कुठून मिळणार होती?"

यावरचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

साचा पाठवलेला नाही. खोकं आईने उघडलं आणि साचा परत फळीवर ठेवला. कारण विचारलं तर म्हणाली, "त्याला म्हणावं, ये." मी म्हटलं, ते लोक मशीनवर करतात, चांगलं करतात, यायची गरज नसते. ती म्हणाली, "तू लिही फक्त. ये."

लिहिलं. ये.

— चि.

१५ तारीख, दुपार

'मशीनमध्ये काय वाईट आहे ते एकदा कळू दे. बाबांसारखंच चाललंय तुमचं.'

आम्ही कुणी वाईट म्हटलेलं नाही. शांत हो. मला स्वतःला काडीचा फरक पडत नाही, कवळी हाताने होवो की मशीनने की झाडाला लागो. सोमवारी काकांच्या तोंडात असली की झालं.

पण ९ तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, बाबांनी तुझी कवळी एकदाही घातली नाही ही. लिहिली तेव्हा मला तीच खरी वाटत होती. ती दुरुस्त करते.

काल मी आईला विचारलं, बरं, जुनी नको, भोंग्याची दुसऱ्याची. मग दादाने पाठवलेली ड्रॉवरमध्ये होती, ती का नाही? ती तर बाबांच्याच मापाची.

तिने ड्रॉवर उघडला, तुझं खोकं काढलं, दिव्याखाली धरलं. "हात लाव."

मी लावला. गुळगुळीत.

"डावीकडे. मागच्या दाढा."

तिथे नव्हतं गुळगुळीत. नखाला लागेल इतकं काहीतरी होतं. आईने स्वतःचा चष्मा उतरवून मला दिला, तिला बोटांनीच कळत होतं. दिव्यात तिरपं धरलं तेव्हा दिसलं. कानशीच्या बारीक रेघा. दाढांच्या टोकांवर थोडा निळा रंग, तो चावायचा निळा कागद असतो ना, कुठे जास्त लागतंय ते बघायला, त्याचा.

तू पाठवलेली कवळी डावीकडे उंच होती. आईच्या म्हणण्याप्रमाणे केसभर. साच्यावरून बघशील तर बरोबर, कारण साचा चावत नाही. बाबा डावीकडून चावायचे, सगळं, पेन्सिलसुद्धा, त्यामुळे त्यांचा जबडा त्या बाजूला झुकलेला. आता हे कळायला काय करावं लागतं? कवळी तोंडात घालावी लागते. निळा कागद ठेवून चावावं लागतं. काढायची, घासायची, पुन्हा घालायची. एकदा नाही. आई म्हणते, रेघा एका दिवसाच्या नाहीत, वेगवेगळ्या कानशीच्या आहेत. ती बाजारात गेली की करायचे. परत येईपर्यंत ड्रॉवर बंद, तोंडात जुनी टकटक.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बाकावर गुलाबी भुसा होता. आपला भुसा असा नसतो, हा जाड पडतो."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला? त्यांना? म्हणजे बंदच केलं असतं."

मी विचारलं, शेवटपर्यंत बसली का मग ती? तिने नकारार्थी मान हलवली. अजून थोडं राहिलं होतं म्हणाली. पॉलिशला तिच्याकडे आली असती तर झाली असं समजायचं. ती आली नाही. आणि मग जे पुढे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, मला त्यात काही घालायचं नाहीये: "ती घालून पाठवली असती तर थोरल्याला दाखवायला माझ्याकडे काय उरलं असतं?"

म्हणजे लिलाववाल्या काकांचे दात का गेले, तर तुझे ठेवायचे होते म्हणून. हे मी काकांना सांगितलेलं नाही. तू सांग हवं तर.

आता कामाचं. काका ओरडताना तोंड उजवीकडे खेचतात. मी परवा त्यांना समोर बसवून ओरडायला लावलं, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. हे साच्यात नाही. तू स्कॅन करून पाठवशील, ती छान असेल, आणि पहिल्याच पुकाऱ्याला खालची कवळी उडून टोमॅटोत पडेल. मग पुतण्याला काही करायचीसुद्धा गरज नाही. बाबा असते तर त्यांना समोर बसवून घासत बसले असते. ते नाहीत. घासायला माणूस समोर लागतो आणि माणूस इथे आहे.

तुझी कवळी पाठवू का बघायला, असं आईला विचारलं. खोकं तिने स्वतःच्या कपाटात ठेवलंय.

मशीनमध्ये काही वाईट नाही. तू चांगलंच काम केलं होतंस. केसभर उंच.

— चि.

शनिवार. बाकावर, मेणाच्या डब्याखाली

'शनिवारी पोचतो. दुपारपर्यंत.' आईला वाचून दाखवलं. ती "बरं" म्हणाली आणि पॉलिशच्या मशीनवरचं कापड काढून धुवायला टाकलं.

हे तू वाचशील तेव्हा मी नसेन. घाबरू नकोस, साध्या अर्थाने. माझी सुट्टी संपलीय, तिकडे माझ्या खोलीचं भाडं चालू आहे, ऑफिसातून साहेबांनी दोनदा विचारलंय. ही कारणं खरी आहेत पण त्यांच्यासाठी मी आज जात नाहीये. सोमवारीही जाता आलं असतं. मी थांबले तर काय होईल ते सांगते. तू दारात बॅग ठेवशील, मी काहीतरी बोलेन, नवीन मशीन कसंय वगैरे. तू बोलशील. मी त्याहून वाईट बोलेन. मग तू बॅग उचलशील. भांडणात उठून जाणं तुला जमतं, मी बघितलंय. या वेळी जायचं काम मी करते. तुला सोमवारपर्यंत बसायचंय.

काकांचा साचा त्या उघडमीट करणाऱ्या लोखंडी जबड्यावर लावून ठेवलाय. आईने लावला, मी धरलं. दात निवडून ठेवलेत, थोडे पिवळट, एकदम पांढरे लावलेस तर बाजारात हसतील म्हणाले काका. मेण जुनं आहे, तुटतं, जास्त गरम करू नकोस. ते उग्र वासाचं लिक्विड खिडकीत ठेवलंय. वापरताना खिडकी उघडी ठेव, आईला खोकला आहे, सांगणार नाही ती. निळा कागद वरच्या खणात, थोडाच उरलाय.

काका चार वाजता येतील. आधी त्यांना बोलू दे, खूप बोलतात. मेणाची कवळी तोंडात घालून झाली की त्यांना ओरडायला लाव. लाजतील. तूच काहीतरी बोली लाव म्हणजे सुरू होतील. त्यांच्यासमोर 'आमच्याकडे मशीन' असं काही म्हणू नकोस, आणि 'बाबा असते तर' असंही म्हणू नकोस. पहिलं मला आवडत नाही म्हणून, दुसरं आईला.

कानशीचं काम तुझं, पॉलिश आईचं. मध्ये तिला विचारत बसू नकोस, ती स्वतःहून सांगेल कुठे टोचतंय. सांगितलं की वाद घालू नकोस. उद्या रात्रीपर्यंत झालं तर परवा पहाटे ते स्टुलावर असतील. नाही झालं तर नाही. मग चिठ्ठ्या लिहितील, आणि आपल्या घरातून एका माणसाचा आवाज गेला असं धरायचं.

बाकीचं: दाखल्याच्या प्रती दारामागच्या पिशवीत. वीज आईच्या नावावर करायचा अर्ज दिलाय, माणूस येईल, त्याच्या तोंडात बघायला लागेल, तयारी ठेव. बँकेत सही करून ये. बाबांचा फोन चार्जिंगला लावलाय. तो आता तुझ्याकडे. वाजला तर उचल. सुरुवातीला दोन वाक्यं लागतील, मग एकात होतं.

कपाटातलं खोकं आई तुला कधी दाखवेल ते मला माहीत नाही. आज, किंवा काम झाल्यावर, किंवा तू निघताना. मागू नकोस. आणि दाखवलं की मला कळवू नकोस काय वाटलं ते. खरंच नको. मी पत्ता लिहीत नाहीये.

पत्रं लिहून तुला बोलावलं म्हणून, बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस ते मी सोडून दिलंय असं नाही. ते वेगळं आहे. ते मी धरून ठेवलंय.

बेल वाजली. काका लवकर आले असतील, नाहीतर तू. आई हात पुसत निघालीय, "आले, आले" म्हणतेय, म्हणजे तिलाही माहीत नाही कोण. मी मागच्या जिन्याने उतरतेय.